मध्यंतरातली सभा

खोली दाखवायच्या आधी घरमालकीणबाईंनी कॉलेज विचारलं. मी अकोल्यातल्या एका कॉलेजाचं नाव सांगितलं. त्यांनी हातातला किल्ल्यांचा जुडगा कमरेला परत खोचला.

"तुमच्या पोरायनं आमाले बास्केटबॉलच्या फायनलमदी हरवलं होतं. आमचा सेंटर तापानं पडला होता म्हणून. नाही तं काही खरं नव्हतं तुमचं."

"मी खेळत नव्हतो," मी म्हणालो.

"पाहाले तं गेले असान?"

पाहायलाही गेलो नव्हतो. हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला आदरही गेला. आपल्याला हरवणारा माणूस त्यांना चालत असे. आपलं कॉलेज जिंकत असताना घरी झोपून राहणारा माणूस म्हणजे काय, हे त्यांना समजत नव्हतं. तरी खोली मिळाली. पंपाची वेळ पाळायची आणि गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, या दोन अटींवर.

वर्तमानपत्राने माझी अकोल्याहून अमरावतीला बदली केली होती. घर बडनेरा रोडच्या आतल्या एका गल्लीत होतं. गच्चीवर कपडे का नकोत, ते वर गेल्यावर कळलं. पाण्याच्या टाकीच्या खांबाला लोखंडी रिंग ठोकलेली होती. संध्याकाळी कॉलेजच्या मुली येत, चपला जिन्यात काढत आणि अंधार पडेपर्यंत फ्री थ्रो मारत. घरमालकीणबाई खुर्ची टाकून बसत. त्या रिंगकडे बघत नसत. मुलींच्या पायांकडे बघत.

"बॉल खोटं बोलते," त्या म्हणत. "पाय नाही बोलत."

भाडेकरू, खेळाडू, पंच, भाजीवाली, सगळे त्यांना काकू म्हणत. साठी ओलांडलेली. उंची चांगली, पाठ ताठ, डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं. बोट कॉलेजच्या संघात असताना वाकडं झालं होतं. एका विमा कंपनीच्या क्लेम विभागातून त्या निवृत्त झाल्या होत्या. नोकरीचा मोठा काळ अकोल्यात गेला. लग्न केलं नव्हतं. कारण विचारणाऱ्याला त्या "ट्रान्सफर होत्या" एवढंच सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाचं विचारत.

कॉलेज सोडून त्यांना चाळीसेक वर्षं झाली असतील, पण कॉलेजचा एकही सामना त्यांनी सोडला नव्हता. सामन्याच्या दिवशी सकाळी त्या क्रीडा संचालकांना फोन करत. संचालक बदलत गेले, फोन तोच राहिला. "पोरं जेवली का? काय जेवली? पोहे नको देऊ, पोटात गोळा होते." समोरचा माणूस हो म्हणे आणि पोहेच देई. हे काकूंना माहीत होतं. त्या तरी फोन करत.

अकोल्याला सामना असला की पहिल्या एसटीने जात. बरोबर फुटाण्यांची पुडी, पाण्याची बाटली आणि छत्री, ऋतू कोणताही असो. तिथे आपल्या मुलांच्या बाजूला न बसता समोरच्यांच्या गर्दीत बसत. मी कारण विचारलं.

"आपल्या लोकाइत बसलं का सगळे आपल्याले पाहिजे तेच सांगते. दुश्मनाच्या पोरायजवळ बसलं का आपला कोणता गडी कच्चा आहे, ते बरोबर समजते."

त्या टाळ्या वाजवत नसत. बास्केट झाली की फुटाणा तोंडात टाकत. चुकली की पुडी बंद करत. परतीच्या एसटीत पुडीकडे बघून निकाल कळायचा.

वर्तमानपत्र त्या मागच्या पानावरून वाचायला घेत. कॉलेजची बातमी नसली की झाडूच्या दांड्याने खालून माझ्या फरशीवर ठोकत.

"काकू, आंतरमहाविद्यालयीनची दुसरी फेरी होती. जागा नसते तेवढी."

"मंग काय छापता तुमी? कापसाचा भाव तं मले भाजीवाली सांगते."

कॉलेजच्या मैदानावरच्या सामन्यांत काकू टेबलावर बसत. टेबल म्हणजे कोर्टाच्या मध्यरेषेसमोरची जागा. तिथे गुण लिहितात आणि घड्याळ सांभाळतात. घड्याळ काकूंकडे असे आणि हूटरचं बटणही. पगार नाही, मानधन नाही. एवढ्या वर्षांत कोणी त्यांना तिथून उठा म्हटलं नव्हतं. एका सामन्याने मात्र तशी वेळ आणली होती.

तो सामना मी पाहिला. घरचं मैदान, अंतिम फेरी, कॉलेज एका गुणाने मागे. शेवटच्या क्षणी कॉलेजच्या मुलाने कोपऱ्यातून बॉल टाकला. बॉल रिंगमधून खाली पडला आणि पोरं कोर्टात धावत सुटली. हूटर नेमका केव्हा वाजला ते गोंधळात कोणाला सांगता येईना. पंचाने टेबलाकडे बघितलं. सगळं मैदान टेबलाकडे बघू लागलं. काकूंनी मान हलवली. बॉल हातातून सुटायच्या आधी वेळ संपली होती. कॉलेज हरलं.

प्राचार्य स्वतः टेबलापाशी आले. "काकू, घरचा सामना होता."

"सामना घरचा असन, सर. घड्याळ घरचं नाही."

पुढचे काही दिवस गच्चीवर एकही मुलगी फिरकली नाही. काकू रोज खुर्ची टाकून बसत होत्या. नंतर एक आली, मग दोन आल्या.

कॉलेजच्या माजी खेळाडूंची एक संघटना आहे. थंडीत तिचा मेळावा भरतो. सकाळी माजी विरुद्ध आजी, मुलांचा सामना. जेवणानंतर तसाच मुलींचा. संघटनेची वार्षिक सभा मुलींच्या सामन्याच्या मध्यंतरात, कोर्टावरच होते. ही पद्धत काकूंनी आणलेली. पूर्वी सभा संध्याकाळपर्यंत चाले, सामोसे गार का आले यावर भांडणं होत आणि दोन गट वेगवेगळ्या रिक्षांनी घरी जात. काकूंनी नियम करून घेतला. मध्यंतर सुरू झालं की सभा सुरू. हूटर वाजला की सभा संपली. तोवर जे मंजूर झालं ते झालं, उरलं ते पुढच्या वर्षी. हूटर अर्थात काकूच वाजवत.

संघटनेने सभासदांसाठी सामूहिक आरोग्य विमा घेतला होता. तोही काकूंच्या खटपटीने. सभासद बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष. सचिव बंडूभाऊ एकेकाळचे फॉरवर्ड, आता पेन्शनर. त्यांचा गुडघा या विम्यातून बदलला होता आणि नवा गुडघा ते ओळख नसलेल्यालाही वाकवून दाखवत.

वैशाली ही त्याच संघटनेची सभासद. काकूंच्या मते कॉलेजला मिळालेली सगळ्यात चांगली कर्णधार. माहेर हिवरखेडचं, सासर अकोल्याचं. तिथल्या एका खासगी शाळेत ती खेळ शिकवायची. एका रविवारी दुपारी ती काकूंकडे आली. सोबत धाकटी मुलगी होती. मी पाणी भरायला खाली आलो होतो, तर काकूंनी मलाही बसवून घेतलं. वैशालीची हरकत नव्हती.

दुसऱ्या बाळंतपणात तिचं हृदय कमजोर झालं होतं. खेळायला बंदी होती. तिसरं मूल म्हणजे जिवाशी खेळ, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तांबी बसवून पाहिली, ती सोसली नाही, काढावी लागली. राहिलं ऑपरेशन. घरी दोन्ही मुली, आणि सासूला एक नातू हवा होता. नवरा आईपुढे बोलत नव्हता.

"सरकारी दवाखान्यात?" काकूंनी विचारलं.

"गेली होती. हार्टचं ऐकून ते म्हणाले नागपूरले जा. नागपूरले जाचं म्हणजे घरी सांगा लागते. अकोल्यात एका खासगी दवाखान्यात हार्टचे डॉक्टर बी आहेत, ते करतो म्हणते. पण माहा पगार घरीच जाते, काकू. पैसे मागतले का कायच्यासाठी म्हणून विचारतीन."

"आपल्या पॉलिसीत बसत नाही ते," काकू म्हणाल्या. "कुटुंब नियोजनाचं काहीच बसत नाही. मी किती जणीचे कागद परत केले असन."

"बसवता नाही येत का? पॉलिसीत असलं म्हणजे मले कोणाले विचाराचं कामच नाही."

काकूंनी धाकटीच्या हातावर दोन फुटाणे ठेवले. मग म्हणाल्या, "येते. सामूहिक पॉलिसीत संघटनेनं मागतलं तं कंपनी देते. हप्ता थोडा वाढते. पण सभेनं ठराव केला पाहिजे."

"आणि नाही केला तं?"

"तं दुसरं पाहू." दुसरं काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. ऑपरेशनचा खर्च आपण देतो, असं त्या त्याच दिवशी म्हणून पाहिल्या. वैशाली नाही म्हणाली. काकूंच्या पैशाने केलं तर उद्या घरात काकूंचं नाव निघेल, आणि मग इथे येणं आपल्याला बंद होईल, असं तिचं म्हणणं होतं. काकूंनी पुन्हा विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यातल्या सभेत त्यांनी ठराव मांडला. टेबलामागे उभ्या राहून, एक डोळा घड्याळावर ठेवून. वैशालीचं नाव घेतलं नाही. गर्भनिरोधन आणि नसबंदीचा खर्च विम्यात यावा, एवढंच वाचलं. सभासद कोर्टावर सतरंज्या टाकून बसले होते.

"हे सरकार फुकटात करून देते ना, काकू," बंडूभाऊ म्हणाले. "आपण कायले हप्ता भराचा?"

"मोतीबिंदू बी सरकार फुकटात करते. तू कुठी केला?"

हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "आता आपलं वय राहिलं का याचं? बुढ्यायनं याचे पैसे काहून भराचे?"

"तुह्या गुडघ्याचे पैसे या पोरी काहून भरून राहिल्या?" काकू म्हणाल्या. "यायचे गुडघे तं चांगले आहेत."

"ते आजारपण आहे. हे काही आजारपण नाही."

"पण सभेमंदी हा विषय बरा नाही दिसत," एक वयस्कर सभासद म्हणाले. "पोरीबारी बसल्या आहेत."

"त्यायच्यासाठीच आहे बाप्पा."

"काकू, राग नका मानू," बंडूभाऊ हसत म्हणाले, "पण तुमाले काय कराचं याचं? तुमचा काय संबंध?"

काकूंचा आवाज वर गेला नाही.

"माहा काही संबंध नाही. मले गुडघ्याचा बी त्रास नाही, बंडू. तुह्यासाठी हात वर केला होता ना मी?"

बंडूभाऊंना हूटरचा नियम माहीत होता. हप्ता नेमका किती वाढेल, कंपनी लेखी देईल का, बाहेरगावच्या सभासदांना विचारलं का, असे एकामागून एक प्रश्न त्यांनी काढले. प्रत्येकाला उत्तर होतं आणि काकू ते देत होत्या. मतदानाला टाका, असं एक मुलगी म्हणाली, तेवढ्यात वेळ संपली. काकूंनीच हूटर वाजवला. बंडूभाऊ नव्या गुडघ्यावर चटकन उठले.

घरी येताना मी म्हणालो, "दोन मिनिटं उशिरा वाजवला असता, तर कोणाला कळलं असतं?"

"मले."

त्यानंतरचं वर्ष वैशालीला कठीण गेलं. मध्ये एकदा पाळी चुकली. आठवडाभर ती रोज काकूंना फोन करत होती. शेवटी तसं काही नव्हतं. ज्या दिवशी ते कळलं, त्या दिवशी काकूंनी कॉलेजचा अकोल्यातला सामना अर्ध्यात सोडला आणि तिच्या शाळेत गेल्या. शाळेच्या फाटकाबाहेर दोघी उभ्या राहिल्या आणि परतीच्या एसटीची वेळ झाली तशा काकू निघाल्या. त्या सामन्याचा निकाल त्यांनी मला दुसऱ्या दिवशी विचारला. मला तो सांगता आला नाही, आणि या वेळी त्यांनी त्यावरून काही सुनावलं नाही.

पुढच्या मेळाव्यात माजी मुलींचा संघ चांगला खेळत होता. मध्यंतराला पुढे होता. वैशाली साडीवर संघाचा टी-शर्ट घालून बेंचवर बसलेली. काकूंनी तोच ठराव पुन्हा वाचला. बंडूभाऊंनी या वेळी तयारी केली होती. त्यांनी सुरुवातीलाच मैदानाच्या कुंपणाचा विषय घेतला, मग निरोप समारंभाचा. ठराव आला तेव्हा थोडाच वेळ उरला होता. तो "विषय नाजूक आहे, घाई नको" यात गेला. काकूंनी हूटर वाजवला.

सभासदांनी सतरंज्या कडेला ओढल्या आणि आजी मुलींचा संघ कोर्टावर आला. माजी संघातलं कोणी आलं नाही. पाचही जणी बेंचजवळ जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. वैशालीही बेंचवरून उतरून त्यांच्यात बसली.

काकूंनी पुन्हा हूटर वाजवला.

"उठा! वेळ झाली."

"आमी थकलो, काकू," एक जण म्हणाली.

"थकल्या? पुढं असून थकल्या?"

"सभा झाली का उठतो."

"सभा संपली. हूटर वाजला का संपते."

"तुमची संपली असन. आमची चालू आहे."

काकूंचा चेहरा लाल झाला. एवढ्या काळात मी त्यांना रागावलेलं प्रथमच पाहिलं. राग बंडूभाऊंवर नव्हता, मुलींवर होता. त्या पंचाकडे वळल्या. पंच कॉलेजचाच माजी विद्यार्थी होता, त्याला काय करावं सुचत नव्हतं.

"त्यायले खेळाले सांग. नाही आल्या तं नियम काय आहे ते तुले माहीत आहे."

त्याने जाऊन सांगितलं. मुलींनी माना हलवल्या. नियमाप्रमाणे, पंचाने सांगूनही जो संघ खेळायला येत नाही, तो सामना हरतो. वीस-शून्य. काकू उठल्या, गुणफलकापाशी गेल्या, खडूने लिहिलेले खरे गुण हाताने पुसले आणि वीस-शून्य लिहिलं.

"लाज वाटली पाहिजे," त्या मुलींना म्हणाल्या.

"तुमच्याच ठरावासाठी बसल्या त्या," कोणीतरी म्हणालं.

"सामना सोडा म्हणून मी नव्हतं सांगतलं."

मग त्या टेबलापाशी परत आल्या. घड्याळ उचललं आणि ते त्यांच्या लक्षात आलं. सामना संपला होता. त्यामुळे आता मध्यंतर नव्हतं, उत्तरार्ध नव्हता, म्हणून त्यासाठी वाजवलेला हूटरही धरता येत नव्हता आणि नवा वाजवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सभा कशाने संपायची, याचा नियम कोणाजवळ नव्हता. बंडूभाऊंनाही ते त्याच सुमारास उमगलं असावं, कारण त्यांनी टेबलाकडे बघितलं.

काकूंनी घड्याळ पिशवीत घातलं. टेबलामागून बाहेर आल्या आणि सतरंजीवर, सभासदांत, जागा करून बसल्या. "बोल बंडू. नाजूक आहे म्हणे. काय नाजूक आहे?"

बंडूभाऊ बोलले. इतरही बोलले. मागच्या वर्षीचेच मुद्दे होते, फक्त त्यांना आता शेवटापर्यंत जावं लागत होतं. हप्ता किती वाढेल, हे पुन्हा निघालं तेव्हा काकू म्हणाल्या, "तुह्या सभेच्या सामोस्यापेक्षा कमी." मुली कोर्टाच्या कडेला उन्हात बसून होत्या आणि बोलणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होत्या. वैशालीही बघत होती. तिचं काय आहे, हे तिथे दोघातिघांनाच माहीत होतं.

शेवटी नांदगाव खंडेश्वरकडचे एक जुने खेळाडू, शेती करणारे, दिवसभर न बोललेले, म्हणाले, "करा ना लेकहो हात वर. उन्हात किती वेळ बसवता पोरीयले?" आणि त्यांनी स्वतः हात वर केला. मग शेजारच्याने केला. विरोध करायचा तर सगळ्यांसमोर हात खाली ठेवून बसायला हवं होतं. ते थोड्यांनीच केलं. बंडूभाऊंनी उशिरा, पण केला.

काकू त्या दिवशी मुलींशी बोलल्या नाहीत. चहा वेगळा घेतला. संघटनेच्या अहवालात निकाल वीस-शून्यच छापला गेला पाहिजे, असं त्यांनी बंडूभाऊंना दोनदा बजावलं.

नव्या वर्षाची पॉलिसी वाढीव संरक्षणासह आली. त्यानंतर काही दिवसांनी वैशाली अकोल्यातल्या त्या दवाखान्यात दाखल झाली. आदल्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं. तो सकाळी तिला सोडायला आला, गाडी बाहेर लावली आणि आत आला नाही, पण गेलाही नाही. मी कामासाठी अकोल्यात होतो. दुपारी दवाखान्यात पोचलो, तेव्हा काकू वऱ्हांड्यातल्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. ऑपरेशन नीट झालं होतं. हृदयाच्या डॉक्टरांनीही पाहून घेतलं होतं.

संध्याकाळी वैशाली बोलण्याइतपत जागी झाली. काकू उशापाशी उभ्या होत्या. तिने विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे. पुढं होत्या तुमी."

"हो."

"चांगल्या खेळून राहिल्या होत्या."

तेवढ्यात फोन वाजला. वैशालीने काकूंना तो धरायला सांगितला आणि पडल्यापडल्या बोलली. पलीकडून सासूबाई होत्या. त्यांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. कुठे आहेस, पोरी शाळेतून आल्या, स्वयंपाकाचं काय, असं त्या विचारत होत्या.

"दवाखान्यात आहे, आई. ऑपरेशन केलं. मूल न होण्याचं."

मग सासूबाई म्हणाल्या, "कोणाले विचारून केलं?"

"कोणालेच नाही विचारलं," वैशाली म्हणाली. "तुमाले सांगून राहिली. पोरीयले वरण-भात लावून द्या. मी परवा येतो."